खोकणाऱ्या होडीचा लायनर

दिवाळे गावात गोटीराम कोळ्याची एक ख्याती होती. हा माणूस एक वेळ जेवायला विसरेल, पण खोटं माप सांगणार नाही. ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका कारखान्यात तो टर्नर होता, लेथ यंत्रावर लोखंडी भाग कातायचा. तिथे एकदा त्याच्या हातून एक जॉब केसभर जास्त कापला गेला. कोणाच्या बापाला कळलं नसतं. पण हा पठ्ठ्या तो जॉब स्वतः उचलून तपासणीच्या टेबलावर घेऊन गेला आणि म्हणाला, हा बाद करा. फोरमनने कपाळावर हात मारून घेतला. गावात तर त्याची टिंगलच व्हायची. उरण किती लांब आहे असं कोणी विचारलं तर गोटीराम उलट विचारायचा, कुठल्या धक्क्यापासून? अशा माणसाशी बोलायचं म्हणजे डोक्याला ताप. तरी होडीवाल्यांचं काही मोडलं, घासलं, अडलं की सगळे त्याच्याच पडवीत यायचे.

त्या पडवीत लेथ होतं. ठाण्यात एक वर्कशॉप बंद पडलं, तेव्हा तिथलं पट्ट्यावर चालणारं जुनं लेथ त्याने टेम्पोत घालून गावी आणलं होतं. पडवी खरं तर जाळ्यांची. वाशांना जाळी टांगलेली, कोपऱ्यात वल्ही उभी, आणि मधोमध हे लोखंडी धूड. लेथ सुरू झालं की घरातला बल्ब मिणमिणायचा आणि त्याची बायको गोजरा चुलीपुढून ओरडायची की इथे आम्हाला तवा दिसेना. सुक्या बोंबलांचा वास आणि कटिंग ऑइलचा वास एकत्र होऊन पडवीला असा काही दर्प यायचा, की पाहुणे ओट्यावरच बसणं पसंत करायचे. गोटीरामला मात्र तिथेच बरं वाटायचं. जाळी सदूची होती आणि लेथ त्याचं स्वतःचं.

सदू म्हणजे त्याचा थोरला भाऊ. बाप लवकर गेला, तेव्हा होडी सदूने हातात घेतली आणि धाकट्यालाही बरोबर घेतलं. पण गोटीराम पाण्यावर रमला नाही. सदू इंजिन त्याच्या ताब्यात द्यायचा, तर हा इतका जपून होडी हाकायचा की सदू म्हणायचा, "अरं, मयताला निंगालास काय?" सदू स्वतः खाडीच्या वळणावरून होडी दणकावत आणायचा. धक्क्याजवळच्या लहान होड्या लाटेने हेलकावायच्या, त्यांचे मालक शिव्यांची लाखोली वाहायचे, आणि धक्का अगदी नाकासमोर आला की मग हा इंजिनाचा वेग उतरवायचा. पुढे खाडीकाठी कारखाने आले, नव्या शहरासाठी सरकारने भातखाचरं आणि मिठागरं घेतली, खाडीतली मासळी रोडावली. तेव्हा सदूनेच गोटीरामला आयटीआयमध्ये घातलं. दोघांपैकी एकाचे तरी पाय जमिनीवर असूदेत, म्हणाला.

दिवाळ्याच्या धक्क्यावर तेव्हा एक रीत होती. खाडीचं वळण तिवरांच्या झाडीआड, त्यामुळे होडी दिसायच्या आधी ऐकू यायची. बायका पाट्या घेऊन बसलेल्या असायच्या आणि वळणापलीकडे इंजिन वाजलं की गप्पा थांबायच्या. प्रत्येक इंजिनाचा आवाज वेगळा. जिची होडी असेल तिने उठायचं, पदर खोचायचा, पाटी उचलायची. बाकीच्यांनी बसून राहायचं. दुसरीच्या होडीसाठी चुकून उठलेल्या बाईची वर्षभर थट्टा चालायची. सदू-गोटीरामची आई जाईबाई यात कधी म्हणजे कधी चुकली नाही. सदूच्या होडीचं इंजिन ओळखणं तसं अवघडही नव्हतं. एका सिलिंडरचं ते जुनं डिझेल इंजिन चक्क खोकायचं. टुक-टुक-खट, टुक-टुक-खट. सदूची होडी खोकत आली असं बायका म्हणायच्या, आणि जाईबाई पदर खोचता खोचता फणकाऱ्याने म्हणायची, "खोकू दे. वेलेवर येते ना?"

असा हा सदू काविळीने गेला. वादळात नाही, समुद्रात नाही, घरातल्या खाटेवर. त्याला मूलबाळ नव्हतं. त्याची बायको सखू काही महिन्यांनी उरणला माहेरी गेली, रडत गेली, जाईबाईच्या गळ्यात पडून गेली. होडी धक्क्याशेजारी चिखलात ओढून ठेवली होती. गोटीराम कामावर जाताना तिच्याकडे बघायचा आणि येताना बघायचा. त्याला सदूची फार आठवण यायची. जेवताना यायची, लेथवर यायची, आणि सगळ्यात जास्त यायची ती संध्याकाळी इतरांच्या होड्या वाजायच्या तेव्हा. घरात तो हे कोणाला बोलला नाही. गोजराला ते न बोलता कळायचं, आणि जाईबाईला कळायचं की नाही ते तिचं तिला ठाऊक. तिला हळूहळू दिसेनासं झालं होतं. ती ओट्यावर बसून असायची, तोंड धक्क्याकडे.

सदूला जाऊन दोन पावसाळे झाल्यावर सखूचा भाऊ पोपट उरणहून आला. भला माणूस होता. घोळ न घालता बोलला. होडी अशीच कुजण्यापेक्षा आम्हाला द्या, मी चालवीन, सखूचं पोट त्यावर निघेल, पण इंजिन नीट करून द्या, कारण आमच्याकडे उघड्या समुद्रात जावं लागतं, खाडीत नाही. नारळी पुनवेला नारळ सोडला की होडी घेऊन जाईन. गोटीरामला नाही म्हणायला जागाच नव्हती. होडी सखूवहिनीचीच होती.

पोपट गेल्यावर जाईबाईने गोटीरामला ओट्यावर बोलावलं. "होरी जाव दे," ती म्हणाली. "सखूचा पोट भरंल. पन जायच्या आदी मना येकदा तिचा आवाज आयकव. वलनावरना येताना."

गोटीराम हो म्हणाला. मोठं काय मागितलं होतं तिने? इंजिन नीट करायचंच होतं, आणि नीट झालेलं इंजिन आईला ऐकवायचं होतं. एका दगडात दोन्ही कामं होणार होती. असं त्याला वाटलं.

रविवारी त्याने इंजिन उघडलं. आत लायनर असतो, म्हणजे ओतीव लोखंडाची जाड नळी, तिच्यात पिस्टन वरखाली पळतो. लायनरच्या आतला जो गोल पोकळ भाग, तो बोअर. सदूच्या लायनरचा बोअर वरच्या अंगाला इतका खाल्ला गेला होता की बोट फिरवलं तर कंगोरा हाताला लागत होता. पिस्टन आत डुगडुगत होता. या इंजिनावर सदूने इतकी वर्षं काढली कशी, याचंच गोटीरामला नवल वाटलं. नवा लायनर घालायचा, तो स्वतः पडवीत बोअर करायचा, असं त्याने ठरवलं. बाहेर कोणाला द्यायला त्याचं मन घेईना. हे काम त्याला स्वतःच्या हाताने सदूसाठी करायचं होतं.

पण बोअर करणं एक आणि बोअर मोजणं दुसरं. कारखान्यातला त्याचा मित्र मधुकर तपासणी विभागात होता, मूळचा मराठवाड्यातला, सानपाड्याला भाड्याने राहायचा. डब्याच्या सुट्टीत दोघांचं हेच बोलणं चाले. मधुकरचं म्हणणं, बाहेरचं माप कोणीही घेईल, मायक्रोमीटर लावला की झालं. आतलं माप घेताना हत्यारही चकवतं आणि हातही. गोटीरामकडे घरी इनसाइड कॅलिपर होता, दोन वाकड्या पायांचा. ते पाय बोअरमध्ये टेकवायचे, हलकेच झुलवायचे, हाताला जरासा अडकाव जाणवला की बाहेर काढून मायक्रोमीटरवर माप घ्यायचं. साध्या कामाला तो छान. पण पिस्टन आणि बोअर यांच्यात ठेवायची जागा केसाहून थोडी जास्त, आणि कॅलिपरचा अडकाव सकाळी एक वाटतो नि दमून आल्यावर दुसराच. इनसाइड मायक्रोमीटर त्याने कारखान्यात वापरून पाहिला होता. बोअरच्या तोंडाशी तो ठीक चालतो, पण खोल आत हात जात नाही आणि तो सरळ आहे की तिरका ते दिसत नाही. आणि नळीची खरी झीज तर आतच असते.

मग उरलं डायल बोअर गेज. लांब दांडी, खाली मोजणारे दात, वर घड्याळासारखी तबकडी. बोअरमध्ये घालून वरखाली फिरवलं की सुई जागच्या जागी सांगते, इथे जास्त, इथे कमी, इथे लंबगोल. कारखान्यात ते कपाटात कुलूपबंद असायचं. ते घरी नेणं मधुकरच्या हातात नव्हतं आणि गोटीराम तसलं मागणाराही नव्हता. पण त्या गेजने त्याच्या मनात घर केलं. जेवता जेवता तो भाकरीच्या कडेवरून बोट फिरवायला लागला, तेव्हा गोजरा म्हणाली, आता भाकरी पण मोजून देऊ काय?

सुट्टी टाकून तो मुंबईला गेला. जुना लायनर गोणपाटात गुंडाळून खांद्यावर घेतला होता. आधी जुन्या बोटी मोडतात त्या दारूखाना भागात हिंडला, तिथे बोटींच्या जुन्या-नव्या सामानाच्या ढिगाऱ्यातून जुळेल असा एक कच्चा, ओतीव लायनर आणि त्याला जोडीचा नवा पिस्टन मिळवला. मग नागदेवी स्ट्रीटला हत्यारांच्या दुकानांसमोर उभा राहिला. एका दुकानात काचेमागे लाकडी पेटीत, निळ्या मखमलीवर बोअर गेज ठेवलं होतं. शेठने विचारलं, कुठली कंपनी? गोटीराम म्हणाला, कंपनी नाही, घरी. घरी काय मोजणार, असं शेठने विचारल्यावर त्याने गोणपाट उघडून लायनर दाखवला आणि भावाच्या होडीचा आहे असं सांगितलं. शेठला काय वाटलं कोण जाणे. त्याने पेटीतून गेज काढून त्याच्या हातात दिलं.

दुकानाच्या फळीवर लायनर उभा करून गोटीरामने गेज आत सोडलं. खाली सुई शांत होती. वर आणता आणता ती हलायला लागली. एका अंगाला बरीच सरकली, आडवं फिरवल्यावर परत आली, पुन्हा त्याच अंगाला सरकली. बोअर लंबगोल झाला होता, आणि झीज सगळी एकाच बाजूला. गोटीराम बराच वेळ गेज वरखाली करत राहिला. माप तर त्याला पहिल्याच फेऱ्यात मिळालं होतं. शेवटी शेठ खाकरला. गोटीरामने गेज पुसून मखमलीवर ठेवलं. ते आपल्या आवाक्यातलं नाही हे त्याला दुकानात शिरायच्या आधीपासून ठाऊक होतं.

त्याने घेतलं ते टेलिस्कोपिक गेज. दिसायला इंग्रजी टी सारखं. आडव्या दांडीत स्प्रिंग, ती दोन्हीकडे ताणून बोअरच्या भिंतींना टेकते, मूठ पिळली की तिथेच आवळली जाते. मग अलगद बाहेर काढायचं आणि घरच्या मायक्रोमीटरने तिची लांबी मोजायची. घरच्या कामाला हेच हत्यार बरं, असं मधुकरनेही सांगितलं होतं. फक्त आवळताना तिरकं राहिलं तर खोटं बोलतं, म्हणून एकच माप पुन्हा पुन्हा घ्यायचं, सारखं आलं तरच धरायचं. आणि आणखी एक गोष्ट त्याने बजावली होती. "दोन टोकांनी मोजणाऱ्या हत्यारावर डोळे झाकून भरवसा ठेवू नको. शेवटी गोल वस्तूच घालून बघ."

हे शेवटचं गोटीरामने कानाआड केलं आणि फसला. पातळ नळी त्याने चकच्या, म्हणजे लेथच्या फिरत्या पकडीच्या, तीन जबड्यांत आवळून धरली होती. धरलेली असताना बोअर सुरेख गोल कापला गेला. चक सोडल्यावर दाबलेल्या तीन जागा परत फुगल्या आणि बोअर किंचित तिकोनी झाला. गंमत अशी की टेलिस्कोपिक गेज कुठूनही लावलं तरी माप एकच. कागदावर सगळं गोल, आणि पिस्टन आत घालायला गेला तर अडकतोय. गोटीराम पडवीत डोक्याला हात लावून बसला. शेवटचं कापणं अजून बाकी ठेवलं होतं म्हणून लायनर वाचला. मग त्याने मधुकरचं ऐकलं. नळीला मधे न आवळता तिची वरची जाड कॉलर फेसप्लेटवर, लेथच्या सपाट फिरत्या ताटावर, दाबून धरली, हलक्या हाताने कापत गेला, आणि कापण्याआधी एक जाड लोखंडी चकती बनवली, बरोबर हव्या त्या मापाची. चकतीचं माप बाहेरचं, त्यात चकवा नाही. थोडं कापायचं, गेजने मोजायचं, मग चकतीला तेल लावून बोअरमध्ये सोडून बघायचं. शेवटी एका संध्याकाळी चकती तोंडावर क्षणभर थांबली आणि आपल्याच वजनाने, कुठेही न अडता, सावकाश खालपर्यंत उतरली. गोटीरामने गोजराला हाक मारून पुन्हा सोडून दाखवली. मग आईचा हात धरून तिला पडवीत आणलं आणि बोअरमधून तिचं बोट फिरवलं. "बग आये, माप कसं लागलंय. काडीचा फरक नाय." जाईबाई म्हणाली, गुळगुळीत हाय. तिचा चेहरा खुलला होता.

नारळी पुनवेच्या चार दिवस आधी, भरती साधून गोटीरामने होडी पाण्यात ढकलली. इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. धूर नाही, धडधड नाही, शिलाई मशीन चालावं तसं चालत होतं. तो वळणापलीकडे बराच आत गेला आणि परत फिरला. येताना छाती फुगली होती. सदू असता तर काय म्हणाला असता, हेच सारखं मनात येत होतं. धक्क्याला होडी बांधून तो जवळजवळ धावतच घरी आला.

जाईबाई ओट्यावर तशीच बसली होती. पावलं ओळखून म्हणाली, "कोनाची नवी होरी आली रं? पैशेवाल्याची दिसते." आणि लगेच विचारलं, "आपली कदी आनतस?"

तीच आपली होती, असं तो कसाबसा म्हणाला. जाईबाई हसली, म्हणाली चेष्टा करू नको. मग तो बरोबर हसला नाही, तेव्हा तिला उमगलं. तिने बरं म्हटलं. चांगली झाली हो, असंही म्हटलं. आणि तोंड धक्क्याकडून वळवून घराकडे केलं.

तेव्हा कुठे त्याच्या डोक्यात उजेड पडला. ते खट जे वाजायचं, ते त्या झिजलेल्या बाजूला पिस्टन आपटून वाजायचं. नागदेवीच्या दुकानात सुई सरकत होती ती जागा म्हणजेच सदूच्या होडीचा खोकला होता. ज्याला त्याने दोष म्हणून मोजलं, तो आवाज होता. आईने तेवढाच मागितला होता, आणि त्याने महिनाभर खपून नेमका तोच काढून टाकला होता. रात्री जेवायला तो बसला नाही. गोजराने आधी दोनदा बोलावलं, मग पडवीच्या दारात येऊन उभी राहिली.

"जुना हाय ना अजून," ती म्हणाली.

जुना लायनर तिनेच चुलीजवळ नेला होता, हंडा टेकवायला. तिने हंडा उतरवला आणि पदराने राख पुसून लायनर त्याच्यापुढे ठेवला. आता ऐका, यात गोटीरामची अडचण काय होती. जुना लायनर घातला तर होडी समुद्रात न्यायच्या कामाची नाही. पोपटला तो देणं म्हणजे सखूवहिनीच्या जीवाशी खेळ. म्हणजे नवा काढायचा, जुना बसवायचा, आईला ऐकवायचा, पुन्हा जुना काढून नवा बसवायचा, आणि हे सगळं पोपट यायच्या आत. शिवाय एकदा नीट केलेलं इंजिन मुद्दाम बिघडवायचं. कारखान्यात असं कोणी केलं असतं तर गोटीरामने त्याला वेड्यात काढलं असतं. त्याने कॅलिपर घेतला, तो पहिला, साधा, वाकड्या पायांचा. लायनरमध्ये घालून हलकेच झुलवला. एका अंगाला पाय सैल हलत होते. माप घ्यायला त्याने मायक्रोमीटर उचललाच नाही.

नारळी पुनवेला गावाने वाजतगाजत सोनेरी कागद लावलेला नारळ खाडीला वाहिला. नवी लुगडी, नाच, पुरणाच्या करंज्या, सगळं झालं. गोटीरामही मिरवणुकीत होता, पण नखांत ग्रीस होतं. जुना लायनर आणि जुना पिस्टन त्या दिवशी सकाळीच इंजिनात बसले होते. दुसऱ्या दिवशी कामावर न जाता त्याने भरतीची वाट बघितली. इंजिन काही केल्या सुरू होईना. तेव्हा त्याला सदूची युक्ती आठवली. सिलिंडरमध्ये चमचाभर तेल ओतलं, हँडल मारलं, आणि काळ्या धुराचा लोट उठवत इंजिनाने पहिला खोकला काढला.

टुक-टुक-खट.

वळणापलीकडे त्या आवाजाबरोबर गोटीराम एकटा होता. तिवरांवर बगळे बसले होते. त्याला वाटलं, आता नाळेवरून, होडीच्या पुढच्या टोकावरून, सदू मागे वळून बघेल आणि काहीतरी बोलेल. तो रडला. कोणी बघत नव्हतं, आणि बघत असतं तरी त्याला पर्वा नव्हती. डोळे पुसले आणि सुकाणू धक्क्याकडे धरलं.

ओट्यावर काय झालं ते त्याला गोजराने सांगितलं. वळणापलीकडे आवाज आला तशी जाईबाई उठली. भिंत धरली नाही, काठी घेतली नाही. पदर खोचला. हाताने चाचपत दारामागची पाटी काढली, ती किती दिवसांत कोणी हलवली नव्हती. पायरीपर्यंत गेली आणि तिथे थांबली. कान देऊन ऐकत राहिली, अगदी इंजिन थांबेपर्यंत. मग पाटी खाली ठेवून पायरीवर बसली.

गोटीराम आला तेव्हा ती तशीच बसलेली होती. त्याने विचारायच्या आधी तिनेच सांगितलं.

"होरी आपली हाय," ती म्हणाली. "हात सदूचा नाय."

गोटीराम तिच्याशेजारी बसला. म्हणजे हेही हुकलंच, असं त्याच्या मनात आलं. इंजिन परत आणता आलं, लायनर परत बसवता आला, पण वळणावरून होडी दणकावत आणणारा तो हात कुठून आणायचा? कुठल्या दुकानात, कुठल्या मखमलीवर ठेवलाय तो? त्याने खाली मान घालून विचारलं, "मंग कोनाचा वाटला?"

"तुजा. सदू नुसता दनकवीत यायचा. तू आपला बेताबेतान. पयल्यापासना तसाच." तिने चाचपून त्याचा हात शोधला, ग्रीसचा, आणि आपल्या मांडीवर धरून ठेवला. "बरा वाटला आयकून. उद्या परत आन."

उद्या पोपट येणार होता.

पोपट आला तो सकाळच्या लाँचने, आनंदात. हातात सखूने दिलेली सुक्या सोड्यांची पुडी होती. ओट्यावर जाईबाईच्या पाया पडला, गोजराने चहा दिला, आणि त्याने विचारलं, झालं का इंजिन? पडवीत, लेथच्या मागे, नवा लायनर तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवला होता. त्याचा बोअर गोटीरामच्या आयुष्यातला सगळ्यात नेमका बोअर होता, आणि ती चकती त्याच्याशेजारीच पडली होती.

"नाय रं," गोटीराम म्हणाला. "अजून माप लागलं नाय. पुढल्या रविवारी ये, तवा देतो."

पोपट त्याच्याकडे बघतच राहिला. गोटीरामचं माप लागलं नाही, हे उरणपर्यंत कोणाला सांगितलं तरी खरं वाटलं नसतं. पण भला माणूस होता. चहा संपवून तो लाँचकडे परतला.

जाईबाईने हे सगळं ओट्यावरून ऐकलं. काडीचाही फरक नसलेला तो बोअर तिने स्वतःच्या बोटाने चाचपला होता. भरतीला अजून बराच वेळ होता, तरी तिने पदर खोचला.